मॉर्गनला पळपुटा म्हणू नका

आयर्लंड सोडून इंग्लंडकडून क्रिकेट खेळला म्हणून इऑन मॉर्गनला कुणी 'पळपुटा' म्हटलं की मला अजूनही राग येतो. डब्लिनचा हा मुलगा २००६ मध्ये आयर्लंडकडून पहिल्याच वनडेत ९९ वर धावबाद झाला. पण आयर्लंडला कसोटी दर्जा मिळाला थेट २०१७ मध्ये. तोवर त्यानं वाट बघत बसायचं होतं का? खेळाडू कुठल्या देशाकडून खेळू शकतो हे ठरवताना जन्म, नागरिकत्व किंवा वास्तव्य, आयसीसी (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद) एवढंच बघते. छोट्या संघांना सामने द्यायचे नाहीत आणि त्यांची तयार पोरं मात्र उचलायची, माझी तक्रार आहे ती याबद्दल.

आयर्लंडचाच वेगवान गोलंदाज बॉइड रँकिन तर इंग्लंडकडून एकच कसोटी खेळला आणि आयर्लंडकडे परत आला. २०१८ मध्ये मालाहाइडला आयर्लंडची पहिलीवहिली कसोटी विकेट त्यानंच काढली: पाकिस्तानचा अझर अली, स्लिपमध्ये झेल. मी टाळ्या वाजवत उभाच राहिलो.