नागपूरचा माल साताऱ्याच्या हिशेबाने पाठवू नका

पुण्याच्या नऱ्हे, धायरी, भोसरी भागातल्या छोट्या फरसाणवाल्या कंपन्यांची वाढ बहुतेक एकाच वाटेने होते. आधी पुणे, मग सातारा-कोल्हापूर, मग एक दिवस नागपूरहून किंवा सुरतेहून एखाद्या पार्टीचा फोन येतो आणि गाडी भरली जाते. 'तिकडे मार्केट जोरात आहे' एवढ्यावर निर्णय होतो. मार्केट जोरात असतंही. पण तिथे पैसा कधी फिरतो आणि आपला किती दिवस अडकतो, हे आधी कोणी विचारत नाही.

आकडे मांडून बघा. साताऱ्याला महिन्याला ६ लाखांचा माल जातो, म्हणजे दिवसाला २० हजारांचा. वाटेत १ दिवस, उधारी १० दिवस. बाहेर अडकले २ लाख २० हजार. तोच ६ लाखांचा धंदा नागपुरात डेपो टाकून केला तर वाटेत ४ दिवस, डेपोत १५ दिवसांचा साठा, उधारी ३० दिवस. झाले ४९ दिवस आणि ९ लाख ८० हजार रुपये. वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज महिन्याला ९,८००, म्हणजे विक्रीच्या जेमतेम १.६ टक्के. व्याजाने कोणी बुडत नाही. विक्री दुप्पट झाली की आणखी ९ लाख ८० हजार लागतात आणि बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) लिमिट मात्र तेवढीच असते. मग साताऱ्याचा माल कापून नागपूरला जातो आणि लवकर पैसे देणारं जुनं गिऱ्हाईक हातचं जातं.

म्हणून उधारी सगळीकडे सरसकट ३० दिवस ठेवण्यात अर्थ नाही. विदर्भात सोयाबीन आणि मग कापूस बाजारात आला की दुकानदाराकडे पैसा येतो. जून ते ऑगस्टमध्ये तोच पैसा बियाणं-खतात गेलेला असतो, तेव्हा पार्टीची उधारीची लिमिट घट्ट ठेवायची. कोल्हापूर-सांगलीकडे ऊस घातल्यावर १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यावी असा नियम आहे, पण गावातला दुकानदार नियम बघत नाही, 'कारखान्याचं बिल जमा झालं का?' एवढंच बघतो. आपल्या सेल्समननेही वसुलीला जाण्याआधी तेच विचारावं. सुरतेत दिवाळीनंतर बाजार थेट लाभपंचमीला उघडतो आणि हिरे कारखान्यांतले कामगार त्याहून जास्त दिवस सौराष्ट्रात गावी असतात. धनत्रयोदशीच्या आधी वसूल झालं नाही ते बिल महिनाभर पुढे गेलं म्हणून समजा.

कागदपत्रांत एक फरक लक्षात ठेवा. नागपूरचा डेपो त्याच जीएसटी नंबरवर जादा ठिकाण म्हणून लावता येतो, माल हलवताना कर लागत नाही. सुरत किंवा हुबळीला डेपो म्हणजे त्या राज्यात वेगळी नोंदणी, आणि आपलाच माल आपल्याच डेपोला पाठवतानाही आयजीएसटी, म्हणजे परराज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी. त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) डेपोला मिळतं, पण माल विकेपर्यंत रक्कम अडकते. सुरुवातीचं वर्षभर तरी परराज्यात डेपो टाकू नये, तिथल्या स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) थेट बिल करावं.

ई-वे बिलात (माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात) होणारी चूक अगदी बारीक आहे. परराज्यात ५० हजारांवरच्या आणि महाराष्ट्रात १ लाखावरच्या मालाला ते लागतं, आणि दर २०० किलोमीटरला १ दिवस मिळतो. नागपूर साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे ४ दिवस. हे घड्याळ पार्ट बी, म्हणजे गाडीच्या नंबरचा भाग, भरला की सुरू होतं. फॅक्टरीतला क्लार्क नऱ्ह्यातून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जाणाऱ्या टेम्पोचाच नंबर टाकून मोकळा होतो. पार्ट लोडचा (पूर्ण गाडी न भरणारा) माल तिथे गाडी भरेपर्यंत २ दिवस पडून राहतो आणि नागपूरच्या अलीकडेच मुदत संपते. राज्यातल्या राज्यात ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंत ५० किलोमीटरच्या आत असाल तर पार्ट बी लागतच नाही. पार्ट ए मध्ये (मालाच्या माहितीच्या भागात) ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका आणि गाडीचा नंबर त्यालाच भरू द्या. मुदत वाढवायची वेळ आलीच तर ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

मालही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. कोकणात शेव सादळते. नागपूरला मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तिला खवट वास येतो. पहिल्याला पाऊच आणि सीलिंगचे जबडे तपासायचे, दुसऱ्याला तेल बघायचं आणि उन्हाळ्यात एका वेळी १५ ऐवजी ७ दिवसांचाच साठा पाठवायचा. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे नायट्रोजन भरलेलं पाकीट सुरतेत किंवा रत्नागिरीत थोडं बसतं, महाबळेश्वरला फुगतं. 'पाकीट लीक आहे' असा क्लेम सुरत-रत्नागिरीहून आला की आधी पाकीट पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघायला सांगा, लगेच क्रेडिट नोट (बिलातून रक्कम वजा करणारी नोंद) काढू नका.

शेवटी स्कीम. १,२०० रुपयांच्या बॉक्सवर फक्त नागपूरला ५ टक्के सूट दिली, म्हणजे ६० रुपये. बॉक्सचं भाडं ४० असेल तर तोच माल उलटा फिरून दुसऱ्या पार्टीच्या एरियात स्वस्तात विकला जाणारच. भावातला फरक भाड्याच्या आतच ठेवा. आणि बॅच नंबरच्या शेवटी एरियाचं एक अक्षर छापा. माल कुठून फुटला हे दुकानातलं एक पाकीट उलटं करून कळतं.