तुम्ही विचारलंत म्हणून : पेरुजात एक रविवार मोकळा मिळाला तर

इटलीतल्या पेरुजाला शिकायला निघालेली मुलं मला नेहमी विचारतात, "ताई, एकच रविवार हाताशी असेल तर कुठे जाऊ? रोम की फ्लॉरेन्स?" मी म्हणते, पेरुजाजवळचं मोन्तोने गाव. लगेच पुढचा प्रश्न येतो, "तिथे काय आहे?"

तिथे यशवंत घाडगे आहेत.

मी माणगावची. त्यांचा पुतळा लहानपणापासून बघितलेला, पण ते पडले ती जमीन पेरुजापासून इतक्या जवळ आहे हे इटलीत गेल्यावर कळलं. 10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध. तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या या 22 वर्षांच्या नायक हुद्द्याच्या जवानाच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सोबतचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन गप्प केली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. मग स्नायपरच्या गोळ्यांनी ते कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर कुठेच नाही. नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलंय.

मोन्तोनेत 2023च्या जुलैत त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. मी सप्टेंबरात गेले, तेव्हा सकाळी खोऱ्यात धुकं होतं. तासाभराने ऊन आलं, सावली पडली, आणि खाली तंबाखूची शेतं उघडी झाली. आपल्याकडचं एक पोरगं इथे लढलं, हे तोवर मला नुसतं पाठ होतं.

दुपारी मित्राच्या गाडीने सानसेपोल्क्रोला गेलो. (रविवारी बसच्या भरवशावर राहू नका.) हेही त्याच युद्धातून वाचलेलं गाव. इथे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या जुन्या इटालियन चित्रकाराचं भित्तिचित्र आहे, हे आठवून टोनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याने तोफा थांबवल्या होत्या.

त्या दिवशी चौकात बालेस्त्राची स्पर्धा होती. जुन्या घडणीचं जड यांत्रिक धनुष्य बाकावर टेकवायचं आणि 36 मीटरवरच्या लाकडी लक्ष्यावर नेम धरायचा. एका बाजूला सानसेपोल्क्रो, दुसऱ्या बाजूला गुब्बियो, वैर शतकांचं. सगळ्यांचं लक्ष्य एकच, त्यामुळे बाणांत बाण रुतत जातात आणि मध्याला सर्वांत जवळचा कुणाचा हे पंच वाकून बघतात. तेवढा वेळ अख्खा चौक चिडीचूप. शेजारच्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. निकाल लागल्यावरच सोडला. शस्त्राभोवती जमलेली इतकी निर्धास्त माणसं मी आधी पाहिली नव्हती.

सानसेपोल्क्रोची स्पर्धा सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते, गुब्बियोची मेच्या शेवटच्या. तारीख धरून जा. पण मोन्तोने आधी, सकाळीच. धुकं असेल तर थांबा. घड्याळावर सावली पडल्याशिवाय निघू नका.