पॉवरबाई आणि कायम राहिलेला आक्षेप

ऑडिट अहवालात एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो: "मागील आक्षेप कायम." म्हणजे गेल्या साली सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही, यंदा पुन्हा सांगतोय. या वाक्याच्या जोरावर जाडजूड इतिहासग्रंथ उभा राहू शकतो, हे कळलं ते आयलीन पॉवर या इंग्रज बाईंमुळे.

पॉवरबाईंचा विषय मध्ययुगीन इंग्लंड. १९२२ साली त्यांनी १२७५ ते १५३५ या काळातल्या इंग्लिश जोगिणींच्या (म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या) मठांवर एक ग्रंथ लिहिला. आधार कशाचा, तर मठांचे जमाखर्च आणि बिशपांची तपासणीची दप्तरं. बिशप मठात यायचा, एकेका जोगिणीला वेगळं बोलावून तक्रारी ऐकायचा, लिहून घ्यायचा, आणि मागाहून हुकूम धाडायचा: कुत्री पाळू नका, नाच बंद, झकपक कपडे बंद. १३८७ साली विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकहॅम रॉम्सीच्या मठाला लिहितो की काही जणी पक्षी, ससे, शिकारी कुत्री घेऊन चर्चमध्ये येतात आणि प्रार्थनेपेक्षा त्यांच्यातच रमतात. असे हुकूम वाचून "केवढी कडक शिस्त होती!" म्हणणारा माणूस कधी ऑडिटला गेलेला नसतो. पॉवरबाईंनी बरोब्बर उलटं वाचलं. शतकानुशतकं तीच मनाई पुन्हा पुन्हा निघते आहे, त्या अर्थी कुत्री मठातच होती आणि मजेत होती.

त्यातला एक किस्सा मी भेटेल त्याला ऐकवतो. १३व्या शतकाच्या अखेरीस पोप आठव्या बॉनिफेसनं फर्मान काढलं की जोगिणींनी मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही. लिंकनच्या बिशपानं एका मठात जाऊन फर्मानाची प्रत ठेवली आणि तो परत निघाला. जोगिणी धावत फाटकापर्यंत आल्या आणि ती प्रत त्याच्या डोक्यावर फेकून मारली. आम्ही हे पाळणार नाही, असं ओरडून सांगितलं वर. त्या बिशपानं हेही दप्तरात नोंदवलं, म्हणून आपल्याला कळतं. तपासणी अधिकारी असावा तर असा.

बाईंचं स्वतःचं आयुष्य काही सरळ रेषेत गेलेलं नाही. जन्म १८८९ चा, चेशर परगण्यातल्या ऑल्ट्रिंगमचा. वडील शेअर दलाल. अफरातफरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले, तेव्हा ही पोर जेमतेम दोन-तीन वर्षांची. चौदाव्या वर्षी आई क्षयानं गेली. तिघी बहिणींना मावश्यांनी ऑक्सफर्डला वाढवलं. (बापाच्या खोट्या हिशेबांवरून लेकीच्या जुन्या वह्यांच्या वेडाचं मानसशास्त्र काढायचा मोह होतो. आवरतो.) केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात इतिहासात पहिला वर्ग मिळवला, पण पदवी नाही, कारण केंब्रिज बायकांना पदवी देतच नव्हतं. ते शहाणपण सुचायला १९४८ उजाडलं. बाई तोवर हयात नव्हत्या. मधल्या काळात पॅरिस, मग पुन्हा गर्टनला शिकवणं, आणि १९२१ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९३१ मध्ये तिथंच आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या.

लंडनला जायच्या आधी आल्बेर कान या फ्रेंच बँकरच्या नावाची प्रवासवृत्ती मिळवून त्यांनी जग पाहिलं. हिंदुस्थानातही आल्या, आणि १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होत्या. असहकाराचा ठराव पक्का झाला ते अधिवेशन! मठांवरचं पुस्तक तेव्हा अजून छापून यायचं होतं.

१९२४ च्या 'मिडीव्हल पीपल'मध्ये त्यांनी सहा साध्या माणसांची चरित्रं लिहिली. त्यात टॉमस बेट्सन हा लोकरीचा व्यापारी आहे. १४७६ साली तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेहून आपल्या अल्पवयीन वाग्दत्त वधूला, कॅथरिनला, पत्र लिहितो: नीट जेवत जा, म्हणजे लवकर मोठी होशील, आणि माझ्या घोड्याला सांग की त्याच्या वयातली चार वर्षं तुला दे. शेवटी लिहितो की घड्याळात नऊचे ठोके पडलेत, सगळे जेवायला बसलेत आणि खालून मला हाका मारताहेत. लोकरीच्या निर्यातीचे आकडे पॉवरबाईंना तोंडपाठ असणार, पण आकड्यांमागचा हा माणूस त्यांनी हातचा जाऊ दिला नाही.

पहिल्या प्रकरणावर मात्र माझा आक्षेप आहे. बोडो नावाचा नवव्या शतकातला फ्रँक शेतकरी. पॅरिसजवळच्या सां-जर्मेन मठाच्या जमीन-दप्तरात त्याची नोंद आहे: बायको अर्मेंत्रूद, तीन मुलं, आणि देण्यांमध्ये ३ कोंबड्या, १५ अंडी वगैरे. एवढ्या नोंदीवरून बाई त्याचा अख्खा दिवस उभा करतात, थंडी-कुडकुडीसकट. बाकीचे तपशील त्या काळच्या इतर कागदांतून आणलेले आहेत, मान्य. पण व्हाउचर एकाचं आणि खर्च दुसऱ्याच्या नावावर, हे मला पचत नाही. वाचायला झकास आहे, हा भाग वेगळा.

१९३७ मध्ये त्यांनी आपलाच एके काळचा विद्यार्थी मायकेल पोस्टन याच्याशी लग्न केलं. तो त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. १९३९ साली ऑक्सफर्डला लोकरीच्या व्यापारावर व्याख्यानं दिली. ऑगस्ट १९४० मध्ये हृदयविकारानं अचानक गेल्या, ५१ व्या वर्षी. ती व्याख्यानं पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आली.

'मिडीव्हल पीपल' इंटरनेटवर फुकट मिळतं. घेतलंत तर बोडोपासून सुरुवात करू नका. तिसरं प्रकरण काढा, मादाम एग्लेंटाइनचं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातली ही मठाधिकारीण. बिशपांच्या दप्तरातल्या सगळ्या आक्षेपांची पूर्तता न केलेली बाई, कुत्र्यांसकट, तिथं सापडेल.