सातपूरच्या शेडमधला ज्युदो

नाशिकला येणारा माणूस रामकुंडावर जातो, त्र्यंबकला जातो, फार तर द्राक्षांच्या मळ्यात फिरतो. मी या वेळी गेलो सातपूर एमआयडीसीत. तिथल्या एका कारखान्यात कामगारांचा ज्युदो क्लब अजून चालू आहे असं कळलं होतं. सीबीएस बस स्टँडवरून त्र्यंबक रोडने रिक्षा केली. गेटवर पास झाला, मोबाइल जमा झाला आणि कँटीनच्या मागच्या जुन्या स्टोअर शेडमध्ये पोचलो.

पहिली शिफ्ट सुटली होती. निवृत्त टर्नर असलेले एक काका वाट बघत होते. पहिल्या बॅचमधले ते.

"काका, सुरुवातीला मॅट कुठून आणली?"

"मॅट कुठली बाबा! इगतपुरीकडून भाताचं तूस आणलं, गोणपाटाच्या गाद्या शिवल्या आणि वरून ताडपत्री ताणून बांधली. पायाची बोटं सोलून निघायची."

टोकियोत तरी काय मोठा थाट होता? १८८२ साली जिगोरो कानो या तरुणाने एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरातल्या १२ ताताम्यांच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि पूर्ण ताकदीने लढूनही दोघं धडधाकट घरी जातील अशी विद्या उभी केली. आपल्याकडे १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ती शिकवायची सोय केली. शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना त्यांनी खास जपानहून बोलावलं होतं. कारखान्यातला ज्युदो ही मात्र जपानी कंपन्यांची जुनी रीत. रिओ आणि टोकियो अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ७३ किलो गटात सुवर्ण जिंकलेला शोहेई ओनो आसाही कासेई कंपनीच्या संघाचाच.

सातपूरच्या क्लबला ऑलिंपिकची आस कधीच नव्हती. तो टिकला तालमीतल्या पोरांमुळे, हे माझं ठाम मत झालंय. गावाकडे लाल मातीत घुमलेली पोरं नोकरीसाठी नाशिकला आली, शिफ्टमध्ये अडकली आणि तालीम सुटली. शेडमध्ये त्यांना पुन्हा अंगाला अंग भिडवायला मिळालं. काका सांगत होते, "आमचा एक हेल्पर पटात शिरला की भले भले आडवे." दोन्ही पाय धरून पाडायचा दुहेरी पट ज्युदोतही होता, मोरोते गारी नावाने. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी पायाला हात घालण्यावर बंधनं आणली आणि पुढे ते स्पर्धेतून बादच केलं. काकांना त्याचं अजून वाईट वाटतं, आणि मलाही वाटलं. कलाजंगचंही तसंच. माणूस खांद्यावर आडवा घेऊन टाकायचा हा डाव ज्युदोत काता गुरुमा म्हणून ओळखतात. खुद्द कानोंनी तो पाश्चात्त्य कुस्तीवरून बेतला होता. म्हणजे कुस्तीचं आणि ज्युदोचं हे देणंघेणं सातपूरच्या कितीतरी आधीचं.

मग सराव पाहिला. आधी नुसतं पडणं, म्हणजे उकेमी. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकायच्या क्षणी पसरलेल्या हाताची थाप मॅटवर सणकन. हात अंगापासून फार लांब गेला तर खांद्याला हिसका, फार जवळ राहिला तर थाप पोकळ. काका डोळे मिटून आवाजावरून सांगत होते कुणाचं चुकलं. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा माणूस तो! शिडीवर, क्रेनखाली काम करणाऱ्यांना पडायचं कसं हे शिकवणारी विद्या कारखान्याइतकी दुसरीकडे कुठे गरजेची असेल?

आता कायम कामगार कमी, कंत्राटी जास्त. कंत्राटी मुलं दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे बॅच टिकत नाही. मॅटवर बहुतेक कामगारांची मुलं-मुली दिसली. मुली जास्त, आणि पकड घेताना जराही बिचकत नाहीत. बायकांच्या ज्युदोला ऑलिंपिक पदकं १९९२ मध्ये बार्सिलोनात सुरू झाली, हे त्यांना तोंडपाठ होतं.

क्लबचा सगळा इतिहास मात्र एका हजेरी रजिस्टरात आहे. नाव, डिपार्टमेंट, शिफ्ट, पट्टा असे रकाने, आणि बदली झालेल्याच्या नावापुढे लाल शाईची रेघ. वाळवीने कडा खाल्ल्यात. मी निघताना पर्सोनेल ऑफिसात गेलो आणि ते स्कॅन करून ठेवा म्हणून विनंतीअर्ज लिहून दिला. साहेबांनी ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात फोन करून विचारणार आहे.