खिद्रापूरचा कोपेश्वर आणि सागरेश्वरचे अभयारण्य: कृष्णाकाठचे दोन दिवस

कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला कृष्णेच्या वळणात खिद्रापूर वसले आहे. नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन घेऊन कुरुंदवाडमार्गे आम्ही निघालो, तेव्हा जानेवारीतले ऊन नुकते वर आले होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसतोड चालू होती. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे गाडी बराच वेळ अडकते, म्हणून या वाटेसाठी वेळ थोडा सैल ठेवावा.

कोपेश्वराच्या देवळात शिरताना पहिला येतो तो स्वर्गमंडप. मंडपाचे एकूण खांब ४८ असून मधल्या वर्तुळात १२ खांब उभे आहेत. त्यांच्यावरचे छत मधोमध गोल उघडे आहे आणि त्या उघडीपाच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल शिळा बसवली आहे. त्या शिळेपाशी उभे राहून वर पाहिले की आकाशाचा निळा तुकडा दगडी कोंदणात बसवल्यासारखा दिसतो. एकाच खांबावर खालून वर जाताना चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ असे आकार एकामागून एक येतात. बोट फिरवून पाहिले तर कडा आजही जाणवण्याइतक्या स्वच्छ आहेत. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या उघडीपावर येतो, तो पाहायला मोठी गर्दी लोटते. शिल्पे निवांत पाहायची असतील, तर ती तिथी टाळलेली बरी.

गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, अशी दोन लिंगे आहेत. समोर नंदी मात्र नाही. दक्षयज्ञात सतीने देह ठेवल्यावर कोपलेल्या शंकराची विष्णूने समजूत घातली आणि सती नंदीवरून गेली असल्यामुळे नंदी इथे आलाच नाही, अशी कथा सांगतात. तो नंदी नदीपलीकडे कर्नाटकातील यडूर येथे आहे. मंदिराचे काम शिलाहारांच्या काळात, १२ व्या शतकात झाले. पुढे यादव राजा सिंघण याने शके ११३६ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख येथे आहे.

आमच्या मते खरा वेळ बाहेरच्या भिंतींना द्यावा. देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, तिला गजपट्ट म्हणतात. सगळे मंदिर जणू हत्तींनी पाठीवर तोलले आहे. पुष्कळ सोंडा आणि चेहरे भग्न झाले आहेत, पण मागच्या पायांचा ताण आणि गळ्यातल्या साखळ्यांचे कोरीवकाम पाहून मन थांबते. एका हत्तीपाशी आम्ही दहा मिनिटे उकिडवे बसून राहिलो. तिरपे ऊन असते तेव्हा ही शिल्पे बोलू लागतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. दुपारी अनवाणी पायांना दगड चटकतो. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर मोजे ठेवावेत. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी केल्याशिवाय निघू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या तालुक्याची काय दशा केली, ते गावकऱ्यांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे.

गावातले प्राचीन जैन मंदिरही पाहून, वाडीची बासुंदी घेऊन मुक्कामाला सांगली गाठली. खिद्रापुरात राहण्याजेवणाची सोय गृहीत धरू नये.

दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या वरच्या अंगाला, देवराष्ट्रे गावाजवळचे सागरेश्वर अभयारण्य. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. हे जंगल माणसांनी उभे केलेले आहे. उजाड डोंगरांवर झाडे लावली गेली आणि कुंपण घालून हरणे सोडण्यात आली, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. पूर्वी एकदा आम्ही अकराच्या सुमारास येथे आलो होतो आणि मोराच्या केकेखेरीज काही पदरी पडले नव्हते. या खेपेस दार उघडताच प्रवेशशुल्क भरून पायी निघालो. पाणवठ्याच्या कडेला सांबराची एक मादी उभी होती. तिचे कान आमच्याकडे वळलेले, मान पाण्याकडे झुकलेली. आमच्यातला एकजण कुजबुजला मात्र, तोच ती करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली. पुढे चितळांचा कळप दिसला. काळवीट, भेकर, साळिंदरही येथे आहेत, पण ते दिसतीलच असा हट्ट धरू नये.

रणशूळ पॉइंटवर चढलात तर उसाच्या हिरव्या पट्ट्यांतून वळत जाणारी कृष्णा दिसते. आदल्या दिवशी जिच्या काठी हिंडलो, तीच ही नदी, हे तिथे फार जवळून जाणवले. चढ सोपा असला तरी सावली तुरळक आहे, म्हणून माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पायात बूट हवेत. आत खाण्याचे दुकान मिळेल, या भरवशावर जाऊ नये. प्लॅस्टिक नेले तर परत आणावे. चितळे ते खातात.

उतरल्यावर सागरेश्वराच्या जुन्या मंदिरसमूहात हातपाय धुऊन घटकाभर बसलो. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असल्याने त्यांचे जन्मघरही पाहून घ्यावे. रेल्वेने येणाऱ्यांना ताकारी स्थानक सोयीचे आहे. तेथून परतीच्या वाहनाचे मात्र सकाळीच ठरवून ठेवावे.