घरात तीन नवे देव

सकाळी बाबांबरोबर पर्वती. १०३ पायऱ्या चढून-उतरून खाली आलो तर त्यांच्या घड्याळात ९,८०० पावलं. झालं! रिक्षात बसायचं सोडून हे तिथेच जागच्या जागी पाय आपटायला लागले. रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, अंगात आलंय का ह्यांच्या?"

तिथेच सुचलं. ज्या पुण्यात जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर सुखाने नांदतात, तिथे घरच्यांच्या वेडांना नाव द्यायला परका 'मेनिया' कशाला उसना आणायचा? बाबांच्या अंगातला 'पावल्या मारुती'. आईच्या अंगात 'झाकण्या विठोबा': डबे केव्हाच हरवलेत, झाकणं मात्र पोतंभर, आणि एक टाकून बघा कोणी! रात्री दोनदा उठून गॅसचं बटण तपासणारा दादा म्हणजे 'बटण्या म्हसोबा'. (हा जरा कडक आहे. त्याला काही बोलायचं नाही.)

जेवताना मी शहाणपणा केला. पियानोवादक लिस्टच्या मागे लोक वेडे झाले तेव्हा कवी हाइनेने १८४४ मध्ये 'लिस्टोमेनिया' शब्द काढला, वगैरे.

आई वाढता वाढता म्हणाली, "आणि दिवसभर शब्द पाडत बसणारी तू कोण गं? शब्द्या गणपती?"

दादाने तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव बदललंसुद्धा.