व्हाइट कोल पावसात सुटतो, दोष ताडपत्रीचा नसतो

जून आला की आमच्याकडे इचलकरंजीत कापड प्रोसेसवाल्यांची एकच बोंब, व्हाइट कोल सादळला. व्हाइट कोल म्हणजे भुसा, टरफलं असला माल दाबून केलेल्या कांड्या, बॉयलरचं जळण. मग ताडपत्री आणा, खाली फळ्या टाका, भिंतीपासून लांब रचा. ते करायलाच पाहिजे, पण माझं मत विचाराल तर निम्मा निकाल गाडी गेटात यायच्या आधीच लागलेला असतो, ती कांडी कुठल्या मशीनवर आणि कसल्या मालातून निघाली तिथेच.

आपल्या भागात बहुतेक माल रॅमच्या, म्हणजे ठोकणाऱ्या दट्ट्याच्या मशीनचा, त्यालाच पिस्टन प्रेस म्हणतात. शेंगांची टरफलं, बगॅस म्हणजे उसाची चिपाडं, लाकडाचा भुसा जे मिळेल ते हॅमर मिलमधून बारीक करून काढायचं, वाळवायचं आणि रॅमने डायमध्ये, म्हणजे साच्यात ठोकत राहायचं. वरून डिंक-बिंक काही नाही. घर्षणाने माल तापतो, १५० डिग्रीच्या आसपास गेला की त्यातलं लिग्निन, म्हणजे झाडाचा स्वतःचा डिंकच, नरम पडतं आणि गार होताना तेच सगळं धरून ठेवतं. भानगड अशी की रॅमच्या प्रत्येक ठोक्याला एक चकती तयार होते. कांडी हातात घेऊन आडवी मोडून बघा, बरोबर चकतीच्या जोडावर तुटते आणि तुटलेल्या जागी बोट फिरवलं की भुसा हाताला लागतो. पाणी शिरतं ते याच जोडातून. लिग्निन पाण्याला फारशी दाद देत नाही, ओल ओढतात ते त्यातले बाकीचे दोन घटक, सेल्युलोज आणि त्याहून जास्त हेमिसेल्युलोज, मग दाबून बसवलेले तंतू फुगतात आणि मोकळे व्हायला बघतात. म्हणून कोणी नुसतं 'आमची डेन्सिटी बघा' म्हणाला की मी फार मनावर घेत नाही, दाबलंय किती यापेक्षा चिकटलंय किती हे महत्त्वाचं.

स्क्रू प्रेसचं गणित वेगळं. तिथे ठोका नाही, माल सलग पिळत पुढे जातो आणि डायला बाहेरून हीटर, साधारण २५० ते ३०० डिग्री. कांडी निघते ती मधे भोक असलेली आणि बाहेरून काळपट, वरचा थर अर्धवट जळालेला. हीच काळी साल पाणी अडवते, शिवाय सुटायला चकत्याच नाहीत. दोन्ही कांड्या पाण्याच्या एका बादलीत टाका आणि चहा प्यायला जा, परत येईस्तोवर रॅमची कांडी बुडबुडे सोडून फुगलेली असते, तळाला भुसा साचलेला असतो आणि स्क्रूची बऱ्यापैकी तशीच. मग सगळे स्क्रू का लावत नाहीत? वीज जास्त खातो, धूर होतो आणि स्क्रू इतका झिजतो की वेल्डिंगवाला कायम दाराशी, त्यातून भाताचं तूस असेल तर त्यातली सिलिका लोखंड खाऊनच टाकते.

आणि मशीन कुठलंही असो, आत जाणारा माल ओला असेल तर खेळ संपला. ८ ते १२ टक्के ओल ठीक, त्याच्या वर गेलात की डायमध्ये वाफ कोंडते, बाहेर पडताना कांडीला चिरा पडतात, आणि त्या चिरा म्हणजे पावसाला उघडं दार. गरम कांडी तशीच पोत्यात भरली तरी तेच, आत घाम धरतो, दोन दिवसांनी पोतं उघडलं की बुरशीचा वास. रॅमच्या मशीनपुढे ती लांबलचक कूलिंग लाइन असते ती शोभेला नाही, पण ऑर्डरची घाई असली की लोक तीच आखूड करतात.

आता नुकसान नक्की कुठे होतं ते बघा. लोक म्हणतात पाणी जाळायला उष्णता जाते. जाते, एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी धरा, पण कांडीतच ३५०० ते ४००० असतात, त्यामुळे पाच-सात टक्के ओल वाढली म्हणून बॉयलर काही बसत नाही. खरा फटका कांडी सुटल्याचा. भुसा झाला की थोडा जाळीतून राखेत, थोडा ड्राफ्टबरोबर, म्हणजे हवेच्या ओढीबरोबर, चिमणीकडे, फायरमन फावडं मारतोय मारतोय आणि प्रेशर काही वर येत नाही.

घरगुती कोळशाच्या कांड्यांचं अजून तिसरंच. पुण्याच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली, २००२ साली त्यासाठी अ‍ॅशडेन हा ब्रिटनमधला ऊर्जेच्या कामाचा पुरस्कारही मिळाला, कामच तसं होतं. पण कोळसा झाला की लिग्निन उरत नाही, मग पिठाची खळ घालूनच वळाव्या लागतात. गंमत म्हणजे कोळशाला स्वतःला पाण्याची फारशी ओढ नसते, पाणी ओढते ती खळ. कोकणातल्या पावसाळ्यात असा माल झाकणबंद डब्यातच ठेवावा, मळी घातलेला असेल तर जास्तच.

टॉरिफाइड म्हणजे २०० ते ३०० डिग्रीवर हवा न लागू देता भाजलेल्या मालात हेमिसेल्युलोज बरंचसं निघून जातं, म्हणून तो ओल कमी धरतो. छान आहे, पण छोट्या बॉयलरला तो दर झेपेल असं मला आज तरी वाटत नाही.

मी स्वतः रॅमचाच घेतो, फक्त एप्रिल-मेमध्ये काढलेला. तेव्हा टरफलं उन्हात कडकडीत वाळलेली असतात, ड्रायरच्या भरवशावर राहावं लागत नाही. जुलैत ताजा माल आणणाऱ्या सप्लायरला मी आधी विचारतो, ड्रायर चालू आहे का, आणि उत्तर गोलगोल आलं की गाडी उतरवूनच घेत नाही.